एमिल क्रेपेलिन: कार्डांच्या खोक्यातून मानसिक आजारांचा डेटा उभा करणारा डॉक्टर

माणूस दिवसातून किती वेळा मोबाइल उघडतो, रात्री किती वाजता झोपतो, घराबाहेर किती पडतो, टाइप करताना किती थांबतो. या माहितीवरून तो नैराश्याकडे झुकतोय का, हे आधीच ओळखता येईल का? जगभरातले बरेच पीएचडीचे विद्यार्थी आज या प्रश्नावर काम करत आहेत. अमेरिकेत तर राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून अशा विद्यार्थ्यांसाठी खास प्रशिक्षण चालतं. त्यात संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि मशीन लर्निंगबरोबर माणसाच्या वागण्याचा आणि आरोग्याचा अभ्यासही शिकवला जातो.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. मॉडेलला शिकवण्यासाठी आपण जे लेबल देतो, म्हणजे याला स्किझोफ्रेनिया आहे, याला बायपोलर आहे, हा निरोगी आहे, ते लेबल आलं कुठून? रक्तातली साखर जशी मशीन मोजून देतं, तसं हे कुणी मोजून दिलेलं नाही. ते कुणीतरी माणसाने दुसऱ्या माणसाकडे बघून लिहिलेलं असतं.

या प्रश्नाचा माग काढत मागे गेलो की आपण एका जर्मन डॉक्टरपाशी पोहोचतो. त्यांचं नाव एमिल क्रेपेलिन. कॉम्प्युटर नव्हता, स्प्रेडशीट नव्हती, त्या काळात त्यांनी मानसिक आजारांचा डेटा गोळा करायची पद्धत बसवली आणि ती पद्धत शिष्यांना शिकवली. त्यांनी काय बरोबर केलं आणि कुठे चुकले, या दोन्ही गोष्टी आजच्या विद्यार्थ्याला उपयोगी आहेत. चला तर मग, हे आयुष्य जरा नीट समजून घेऊया.

नटाचा मुलगा, प्राणिशास्त्रज्ञाचा भाऊ

क्रेपेलिन यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८५६ रोजी उत्तर जर्मनीतल्या नॉयश्ट्रेलिट्झ या गावी झाला. १८५६ हे साल लक्षात ठेवायला सोपं आहे. लोकमान्य टिळक त्याच वर्षी जन्मले आणि सिग्मंड फ्रॉइडसुद्धा. फ्रॉइडचं नाव घराघरांत पोहोचलं, क्रेपेलिन यांचं फारसं नाही. पण आज कुठल्याही हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जी निदानं लिहिली जातात, त्यांच्यावर फ्रॉइडपेक्षा क्रेपेलिन यांचा ठसा जास्त आहे.

वडील रंगभूमीवरचे कलावंत होते. मोठा भाऊ कार्ल प्राणिशास्त्रज्ञ झाला आणि पुढे हॅम्बुर्गच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाचा संचालक. प्राणी आणि वनस्पती पाहायच्या, त्यांच्यातले फरक टिपायचे, गट पाडायचे, ही सवय घरातच होती.

क्रेपेलिन वैद्यकशास्त्र शिकायला वुर्झबुर्गला गेले आणि १८७८ मध्ये डॉक्टर झाले. विद्यार्थी असतानाच त्यांनी एका निबंध स्पर्धेसाठी शारीरिक आजारांतून मानसिक विकार कसे उद्भवतात यावर लिहिलं आणि बक्षीस मिळवलं. नंतर म्युनिकला बर्नहार्ड फॉन गुडेन या नामांकित मनोविकारतज्ज्ञाकडे त्यांनी काही वर्षं नोकरी केली.

त्या काळात मनोविकारतज्ज्ञांचा भर मेंदू कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यावर होता. आजाराचं मूळ मेंदूत दिसेल, अशी आशा होती. पण वॉर्डातल्या बहुतेक रुग्णांच्या मेंदूत काही ठळक सापडत नव्हतं. मग रुग्णांची विभागणी करायची कशाच्या आधारावर? जो तो आपापल्या पद्धतीने नावं द्यायचा. एकाच रुग्णाला दोन गावांत दोन वेगळी निदानं मिळायची.

वुंट यांची लॅब: आधी मोजायला शिका

१८८२ मध्ये क्रेपेलिन लाइपझिगला पॉल फ्लेक्सिग यांच्या क्लिनिकमध्ये रुजू झाले. तिथे जमलं नाही आणि काही महिन्यांतच नोकरी गेली. पण लाइपझिग सोडावंसं वाटू नये असं एक ठिकाण त्याच शहरात होतं. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये तिथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती. जगातली ती अशा प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते.

तिथे मनाविषयी फक्त चर्चा होत नसे, मोजमाप होत असे. दिवा लागला की बटण दाबायचं. या दोन्हींमधला वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणारं यंत्र तिथे होतं. क्रेपेलिन यांनी या यंत्रावर दारूसारख्या पदार्थांचे प्रयोग केले. पदार्थ घेण्याआधी प्रतिक्रियेला किती वेळ लागतो, घेतल्यावर किती, असं पुन्हा पुन्हा मोजलं. हे काम त्यांनी पुढे बरीच वर्षं चालवलं आणि १८९२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. औषधांचा मनावर होणारा परिणाम मोजणाऱ्या शास्त्राची ती सुरुवात समजली जाते.

वुंट यांचीच सूचना आणि पैशाची गरज, या दोन कारणांनी त्यांनी १८८३ मध्ये मनोविकारशास्त्राचं एक छोटेखानी पाठ्यपुस्तक लिहिलं. हे पुस्तक त्यांनी आयुष्यभर बदलत नेलं. दर काही वर्षांनी नवी आवृत्ती निघे आणि जमलेल्या नव्या माहितीनुसार आधीची विभागणी मोडून नवी मांडली जाई. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक आवृत्ती म्हणजे मॉडेलचं नवं व्हर्जन. आठवी आवृत्ती येईपर्यंत त्या छोट्या पुस्तकाचे चार जाडजूड खंड झाले होते.

दोर्पात: भाषाच येत नसेल तर डेटा कसला?

१८८६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते दोर्पात विद्यापीठात प्राध्यापक झाले. आज हे गाव तार्तू नावाने एस्टोनियात आहे. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. विद्यापीठात जर्मन चालायचं, पण क्लिनिकच्या ८० खाटांवरचे बरेच रुग्ण एस्टोनियन, लाटव्हियन किंवा रशियन बोलायचे. क्रेपेलिन यांना त्या भाषा येत नव्हत्या. दुभाषा मध्ये घेऊन विचारपूस करावी लागे.

आता विचार करा. रुग्ण काय म्हणाला, ते दुभाष्याला किती कळलं, त्याने ते कसं सांगितलं आणि डॉक्टरने त्यातलं काय लिहून घेतलं. प्रत्येक पायरीवर थोडं काही गळतं, थोडं काही बदलतं. क्रेपेलिन यांच्या कामात रुग्णाच्या बोलण्यापेक्षा बाहेरून दिसणारं वागणं आणि आजाराची वाटचाल यांना जास्त महत्त्व आलं, त्यामागे दोर्पातचा हा अनुभव असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

आपल्याकडच्या वाचकांना हा मुद्दा वेगळा समजवायला नको. मराठीत माणूस उदास आहे असं क्वचितच म्हणतो. जीव लागत नाही, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, कशात मन रमत नाही, असं म्हणतो. इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दाला शब्द भाषांतर करून उत्तरं गोळा केली, तर तक्त्यातले आकडे पूर्ण दिसतील, पण माणूस त्यात पूर्ण आलेला नसेल.

हायडेलबर्ग: एक रुग्ण, एक कार्ड

१८९१ च्या सुमारास क्रेपेलिन हायडेलबर्गला आले आणि इथे त्यांच्या आयुष्यातलं सर्वात महत्त्वाचं काम झालं.

हायडेलबर्गचं क्लिनिक लहान आणि रुग्ण भरपूर. नवे रुग्ण यायचे, थोडे दिवस राहायचे, मग घरी किंवा सरकारी मनोरुग्णालयात जायचे. डॉक्टरला आजाराची फक्त एक झलक दिसायची. सिनेमातला मधला दहा मिनिटांचा भाग पाहून शेवट ओळखण्यासारखं हे होतं.

क्रेपेलिन यांनी यावर तोडगा काढला. प्रत्येक रुग्णाच्या जाड फायलीचं सार एका कार्डावर उतरवायचं. कार्डावर ठरलेले मुद्दे: रुग्ण कोण, घराण्यात कुणाला असा आजार होता का, सुरुवात केव्हा आणि कशी झाली, मुख्य लक्षणं कोणती, आजार पुढे कसा गेला, शेवटी काय झालं. रुग्ण दुसऱ्या संस्थेत गेला तरी त्याचा माग ठेवायचा आणि नवी बातमी कळली की कार्डावर भर घालायची.

मग ही कार्डं टेबलावर मांडायची. एकदा लक्षणांप्रमाणे गट करायचे, एकदा वयाप्रमाणे, एकदा शेवटाप्रमाणे. पुन्हा विस्कटायची, पुन्हा लावायची. एक कार्ड म्हणजे तक्त्यातली एक ओळ आणि कार्डावरचा एक मुद्दा म्हणजे एक रकाना. आज सॉर्ट आणि फिल्टर ही दोन बटणं जे काम करतात, ते क्रेपेलिन हातांनी करत होते.

पण खरी नवी गोष्ट कार्ड ही नव्हती, कार्डावरचा काळ ही होती. एका दिवशी दोन रुग्ण अगदी सारखे दिसू शकतात. दोघंही काही बोलत नाहीत, दोघंही कोपऱ्यात बसून आहेत. पाच वर्षांनी पाहिलं तर एक बरा होऊन कामाला लागलेला असतो आणि दुसरा अजून संस्थेतच असतो. म्हणून आजच्या लक्षणांपेक्षा आजाराची संपूर्ण वाट पाहा, असा त्यांचा आग्रह होता. संशोधनात आज ज्याला दीर्घकालीन फॉलो-अप म्हणतात, तो हाच.

निदानाची पेटी

आता येते या आयुष्यातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट.

नवा रुग्ण आला आणि त्याची पहिली नीट तपासणी झाली की क्लिनिकमधल्या प्रत्येक डॉक्टरने आपापलं निदान एका चिठ्ठीवर लिहायचं आणि ती चिठ्ठी पेटीत टाकायची. काही काळ गेला, रुग्णाचं पुढे काय झालं ते कळलं, की चिठ्ठ्या बाहेर काढायच्या. कोण काय म्हणाला होता आणि शेवटी काय निघालं, हे शेजारी शेजारी मांडायचं. चूक कुणाची आणि का झाली, यावर बसून बोलायचं.

हे इतकं साधं आहे की त्याचं महत्त्व पटकन लक्षात येत नाही. उत्तर कळल्यावर प्रत्येकालाच वाटतं, मला आधीच शंका होती. पेटीतल्या चिठ्ठीमुळे ही पळवाट बंद होते. आधी लिहून द्या, मग निकाल बघा.

मशीन लर्निंगमध्ये टेस्ट डेटा वेगळा ठेवतात तो याच कारणासाठी. मॉडेलने आधी अंदाज द्यायचा, खरं उत्तर नंतर उघडायचं. प्रयोग सुरू करण्याआधी आपला अंदाज आणि पद्धत नोंदवून ठेवायची पद्धत आता मानसशास्त्रात रूढ होत आहे, तिचाही अर्थ हाच. फरक एवढाच की क्रेपेलिन यांच्या पेटीत प्राध्यापकांपासून नव्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांची परीक्षा व्हायची. विद्यार्थ्याला शिकवण्याचा याहून चांगला मार्ग सापडणं कठीण आहे: त्याला त्याचीच चूक, तारखेसकट, त्याच्याच अक्षरात दाखवायची.

बेरजांची वही

वॉर्डाबरोबर क्रेपेलिन यांनी प्रयोगशाळाही चालू ठेवली. त्यातला एक प्रयोग अगदी घरगुती वाटेल असा आहे. एकेरी अंकांच्या लांबच लांब रांगा द्यायच्या, शेजारच्या दोन अंकांची बेरीज करत जायची आणि ठरावीक वेळाने खूण करायची. प्रत्येक टप्प्यात किती बेरजा झाल्या याचा आलेख काढला की माणसाच्या कामाची वक्ररेषा मिळते.

ही रेषा सरळ खाली येत नाही. सरावाने वेग वाढतो, थकव्याने कमी होतो, सुरुवातीला उत्साह असतो, शेवट जवळ आला की पुन्हा जोर येतो. एकाच आकड्यात या सगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मग विश्रांतीचे टप्पे वेगवेगळे ठेवून, तोच प्रयोग अनेक दिवस करून, कुठला परिणाम कशाचा हे वेगळं काढायचं. फिटनेस बँडच्या आकड्यांतून झोपेचा परिणाम आणि ताणाचा परिणाम वेगळा करू पाहणाऱ्या आजच्या संशोधकापुढचं कोडं याच जातीचं आहे.

या प्रयोगशाळेत बाहेरचे लोकही शिकायला यायचे. इंग्लंडचे डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स इथे आले आणि थकव्यावर क्रेपेलिन यांच्यासोबत संशोधन केलं. हेच रिव्हर्स पुढे निलगिरीच्या तोडा लोकांच्या अभ्यासासाठी भारतात आले. गुस्ताव आशाफेनबुर्ग या शिष्याने छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या चार कामगारांवर प्रयोग केला: दारू घेतलेल्या दिवशी किती काम होतं आणि न घेतलेल्या दिवशी किती. दारूच्या दिवशी काम एकंदरीत घटलं. प्रयोगशाळेतलं बटण सोडून माणसाचं रोजचं काम मोजायचं, हा विचार त्या काळात नवा होता. पण चार माणसांवरून साऱ्या जगाबद्दल बोलता येत नाही, हेही आजचा विद्यार्थी लगेच ओळखेल.

क्रेपेलिन स्वतः पक्के दारूविरोधी झाले. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या म्युनिकमध्ये त्यांच्या क्लिनिकात बिअरऐवजी लिंबू सरबत दिलं जाई आणि लोक त्याची थट्टा करत. बेरजांची ती वही मात्र खूप दूर गेली. जपानमध्ये युझाबुरो उचिदा यांनी तिच्यावरून चाचणी तयार केली आणि नोकरभरतीत ती दीर्घकाळ वापरली गेली.

१८९९: दोन मोठे कप्पे

कार्डांमधून जे चित्र दिसलं, ते १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत स्पष्ट मांडलं गेलं. गंभीर मानसिक आजारांचे दोन मोठे गट. एकात आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो आणि माणूस हळूहळू खचत जातो. याला त्यांनी डिमेन्शिया प्रीकॉक्स म्हटलं. दुसऱ्यात उन्माद आणि उदासी यांचे झटके येतात, मधल्या काळात माणूस पुष्कळसा ठीक असतो. याला मॅनिक-डिप्रेसिव्ह आजार म्हटलं. पहिल्याचं पुढे ऑयगेन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया असं नाव ठेवलं. दुसऱ्यातून आजचं बायपोलर हे निदान आलं.

रुग्णाच्या घरच्यांना याचा काय उपयोग? फार मोठा. हा बरा होईल का, घरी केव्हा येईल, हे प्रश्न तेव्हाही होते. औषधं नव्हती, पण निदान काहीतरी आधाराने उत्तर देता येऊ लागलं.

कार्डांमध्ये लपलेली चूक

आता नाण्याची दुसरी बाजू.

क्रेपेलिन यांची बरीच कार्डं म्युनिकच्या संग्रहात शिल्लक राहिली. १९९० च्या दशकात इतिहासकारांनी ती तपासली. कार्डांवरची माहिती बरीच त्रोटक होती आणि काय टिपायचं, काय वगळायचं यावर डॉक्टरच्या मनात आधीपासून असलेल्या गटांची छाप होती, असं त्यांना दिसलं.

म्हणजे काय झालं? फायल मोठी, कार्ड लहान. काय ठेवायचं हे ठरवणारा माणूस तोच, ज्याला गट सिद्ध करायचे आहेत. जे गटात बसतं ते कार्डावर येतं, जे बसत नाही ते फायलीत राहतं. मग कार्डं लावली की गट आपोआप दिसतात! डेटा सायन्समध्ये उत्तराचा सुगावा इनपुटमध्येच शिरतो तेव्हा त्याला लीकेज म्हणतात. मॉडेलची अचूकता भरघोस दिसते आणि नव्या रुग्णावर ते तोंडघशी पडतं.

दुसरी अडचण अशी की कार्डं फक्त दवाखान्यात आलेल्यांची होती. घरीच राहिलेले, थोडक्यात निभावलेले, आपोआप बरे झालेले यात जवळजवळ नाहीतच. संस्थेत वर्षानुवर्षं अडकलेल्यांचा माग काढणं सोपं, बरा होऊन गावी गेलेल्याचा कठीण. अशा यादीवरून आजार बघितला की तो आहे त्यापेक्षा भीषण दिसणार.

तिसरी अडचण म्हणजे शेवट वाईट झाला हाच गट ठरवण्याचा मोठा आधार असेल, तर या गटाचा शेवट वाईट असतो हा शोध उरत नाही. ते गोल गोल फिरणं झालं. क्रेपेलिन यांच्या स्वतःच्या नोंदींतही या गटातले काही रुग्ण बरे झालेले होते.

यातलं काही त्यांना स्वतःलाही जाणवलं. १९२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, त्यांनी एका लेखात कबूल केलं की या दोन आजारांमधली सीमा आपण समजत होतो तितकी पक्की नाही. ज्या विभागणीने नाव मिळवून दिलं तिच्यावरच शंका घ्यायला धाडस लागतं. जगाने मात्र विभागणी लक्षात ठेवली, शंका विसरली.

जावा: हाच डेटा दुसरीकडे चालेल का?

१९०३ मध्ये क्रेपेलिन यांना म्युनिकचं बोलावणं आलं. हायडेलबर्गमध्ये खाटा आणि रुग्णांच्या बदल्यांवरून सरकारशी त्यांचं वाजलं होतंच. त्याच सुमारास ते भाऊ कार्लसोबत लांबच्या प्रवासाला निघाले आणि जावा बेटावरच्या बाउटेनझोर्ख येथील मनोरुग्णालयात रुग्ण पाहिले. ते गाव आज इंडोनेशियात बोगोर म्हणून ओळखलं जातं.

प्रश्न अगदी आजचा होता: युरोपातल्या रुग्णांवरून बनवलेले गट दुसऱ्या समाजात लागू पडतात का? त्यांना डिमेन्शिया प्रीकॉक्स तिथेही दिसला, पण रूप थोडं वेगळं होतं. नैराश्यात स्वतःला पापी, अपराधी मानणं युरोपात नेहमीचं, ते तिथे फारसं आढळलं नाही. यावरून त्यांनी तुलनात्मक मनोविकारशास्त्राची कल्पना मांडली.

प्रश्न चांगला होता, पाहण्याची नजर मात्र वसाहतीच्या काळातली होती. थोड्या दिवसांत, परक्या भाषेत, मोजके रुग्ण पाहून लोकांच्या मनाबद्दल आणि वंशाबद्दल मोठी विधानं केली गेली. एका देशात बनवलेलं मॉडेल दुसरीकडे वापरताना हा धडा ध्यानात ठेवायला हवा. आकडे जुळले नाहीत तर दोष तिथल्या माणसांचा असतो असं नाही, बहुतेक वेळा तो आपल्या मोजपट्टीचा असतो.

म्युनिक: एकट्याचं काम नव्हे

म्युनिकचं नवं क्लिनिक १९०४ मध्ये उघडलं. क्रेपेलिन यांच्यासोबत हायडेलबर्गहून आलेले अलॉइस अल्झायमर तिथली सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा सांभाळत. अल्झायमर यांनी वर्णन केलेल्या आजाराला त्यांचं नाव क्रेपेलिन यांनीच १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकातून दिलं. या प्रयोगशाळेत देशोदेशीचे तरुण डॉक्टर शिकायला आले. अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांपैकी एक, सोलोमन कार्टर फुलर, त्यांतलेच.

पुढची पायरी म्हणजे शिकवणं आणि रुग्णसेवा यांच्या धबडग्यापलीकडे फक्त संशोधन करणारी संस्था. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१७ मध्ये, म्युनिकला जर्मन मनोविकार संशोधन संस्था स्थापन झाली. त्यासाठी मोठी देणगी दिली ती जेम्स लोब यांनी. ज्यू कुटुंबातले हे अमेरिकन बँकर स्वतः मानसिक आजारातून गेले होते आणि क्रेपेलिन यांचे रुग्ण होते.

एका छताखाली मेंदूच्या पेशी पाहणारे, रक्त तपासणारे, मानसिक चाचण्या घेणारे आणि घराण्यांच्या वंशावळी गोळा करून हिशेब मांडणारे असे विभाग होते. आज पीएचडीच्या विद्यार्थ्याला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ अशा तिघांच्या देखरेखीखाली ठेवतात, त्या कल्पनेचं हे जुनं रूप. ती संस्था आज मॅक्स प्लँक मनोविकार संस्था म्हणून चालू आहे.

क्रेपेलिन यांचं ७ ऑक्टोबर १९२६ रोजी म्युनिकला निधन झालं. तेव्हाही ते पाठ्यपुस्तकाच्या नवव्या आवृत्तीवर काम करत होते.

आणि मग लेबलचा कायदा झाला

गोष्ट इथे संपवता आली असती, पण ते खरं झालं नसतं.

समाजाचा ऱ्हास होतोय, मानसिक आजार पिढ्यान् पिढ्या उतरत जातात आणि हे रोखायला हवं, असं क्रेपेलिन मानत आणि लिहीत असत. त्यांच्या संस्थेतला वंशावळींचा विभाग अर्न्स्ट रूडिन या त्यांच्या शिष्याकडे होता. रूडिन यांनी हजारो कुटुंबांची माहिती जमवली. हिशेबाची पद्धत त्या काळासाठी प्रगत होती.

१९३३ मध्ये नाझी सरकारने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्या कायद्यावरच्या अधिकृत भाष्याच्या लेखकांमध्ये रूडिन होते. कायद्यातल्या आजारांच्या यादीत स्किझोफ्रेनिया आणि मॅनिक-डिप्रेसिव्ह आजार ही दोन्ही नावं होती. एकेकाळी कार्डाच्या कोपऱ्यात लिहिलेलं निदान आता एखाद्याला मूल होऊ द्यायचं की नाही ते ठरवू लागलं. या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली, असा अंदाज आहे. पुढे हजारो मनोरुग्णांना मारलंही गेलं. ज्यू दात्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्याच संस्थेतून फेलिक्स प्लाउट या ज्येष्ठ शास्त्रज्ञाला ज्यू म्हणून घालवून दिलं गेलं.

हे क्रेपेलिन यांच्या मृत्यूनंतर घडलं. पण बी त्यांच्या हयातीत पेरलं गेलं होतं आणि माणूस निवडला होता त्यांनीच. डेटा नेटका आहे, संख्याशास्त्र पक्कं आहे, म्हणून काम योग्य ठरत नाही. हे लेबल उद्या कुणाच्या हातात जाईल, हा प्रश्नही संशोधनाचाच भाग आहे.

आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावं?

१९८० मध्ये अमेरिकेत निदानाची नवी पुस्तिका आली, तेव्हा लक्षणांच्या ठरलेल्या याद्यांवर निदान बसवलं गेलं. हे घडवणाऱ्यांना नव-क्रेपेलिनवादी म्हटलं जाई. आज हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये जे निदानाचे कोड असतात आणि ज्यांच्यावर मॉडेल शिकतात, ते याच वाटेने आले आहेत. म्हणजे तुम्ही कितीही आधुनिक न्यूरल नेटवर्क वापरा, दुसऱ्या टोकाला अजूनही ती कार्डं आहेत.

म्हणून या क्षेत्रात पीएचडी करणाऱ्याला कोडिंगइतकंच हेही शिकवायला हवं. थोडे दिवस वॉर्डात किंवा ओपीडीत बसून निदान लिहिलं कसं जातं ते बघा. डेटात कोण आहे याआधी कोण नाही ते विचारा. लेबल कुणी, केव्हा आणि काय बघून लावलं ते शोधा. अंदाज आधी नोंदवा आणि मग निकाल उघडा. चुका एकट्याने लपवू नका, सगळ्यांसमोर मांडा. आणि तुमचं मॉडेल एखाद्या विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती पडलं तर काय होईल, याचं उत्तर प्रबंध लिहिण्याआधी तयार ठेवा.

क्रेपेलिन यांच्या दोन वस्तू आपल्यासमोर आहेत: कार्डांचं खोकं आणि चिठ्ठ्यांची पेटी. खोक्याने त्यांना नाव दिलं, पण त्यात त्यांच्याच समजुती शिरल्या होत्या. पेटी मात्र त्या समजुतींची परीक्षा घ्यायची. खोकं आज डेटाबेस झालं आहे आणि दर वर्षी मोठं होत आहे. प्रत्येक लॅबमध्ये त्याच्या शेजारी ती पेटी आहे की नाही, एवढं बघायला हवं.